मुखवट्यामागचा माणूस

जर्मनीतल्या बालवाडीची मुलं पहिलीत जाण्याआधी बहुधा एकदा तरी गावच्या अग्निशमन केंद्रात जाऊन येतात. लाल गाडी, उंच शिडी, पाण्याचा फवारा, डोक्यावर हेल्मेट घालून काढलेला फोटो हे सगळं त्या भेटीत असतंच, आणि घरी आल्यावर मुलं त्याबद्दलच बोलतात. भेटीचा गाभा मात्र वेगळाच आहे. एक जवान मुलांसमोर साध्या कपड्यांत उभा राहतो आणि एकेक वस्तू अंगावर चढवत जातो: बूट, जाड कोट, पाठीवर हवेचं सिलिंडर, शेवटी श्वसनयंत्राचा मुखवटा. चेहरा झाकला जातो, आवाज बदलतो, श्वासाची घरघर ऐकू येते. त्याच अवस्थेत तो मुलांशी बोलतो, त्यांना मुखवट्याला हात लावू देतो. यामागे अनुभवाचं शहाणपण आहे. आग लागली की लहान मूल पलंगाखाली नाहीतर कपाटात लपतं. धुरातून असा अनोळखी आकार पुढे आला तर हाकेला ओ देण्याऐवजी आणखी आत सरकतं. घरातल्या आगीत बहुतेक बळी ज्वाळांपेक्षा धुराने जातात, आणि धूर फार वेळ देत नाही. म्हणून मला वाटतं, मुखवट्याची ही ओळख झाली तरच केंद्राची भेट सार्थकी लागली. ती राहून गेली तर उरते फक्त सहल.

ही ओळख तिथे इतकी सहज होते याचं कारण मुखवट्यामागचा माणूस मुलांच्या गावातलाच असतो. जर्मनीत पगारी अग्निशमन दलं सुमारे शंभर मोठ्या शहरांपुरतीच आहेत. बाकी देशभर सुमारे १० लाख स्वयंसेवक हे काम करतात. कोणी बेकरीवाला, कोणी शिक्षिका, कोणी शेतकरी. माइसेनमध्ये १८४१ साली असं स्वयंसेवी दल उभं राहिलं, दुरलाखमध्ये १८४६ साली. पुढच्याच वर्षी दुरलाखजवळच्या कार्ल्सरूहच्या नाट्यगृहाला लागलेल्या आगीत साठाहून अधिक माणसं गेली, पण दुरलाखच्या प्रशिक्षित तुकडीने आग शेजारी पसरू दिली नाही. त्यानंतर ही कल्पना गावोगाव रुजली. मुलांसाठीची वाटही जुनी आहे: फ्योर बेटावरच्या ओएफेनुम गावात १८८२ साली कुमारांचं दल निघालं, १९६४ साली अशा दलांची राष्ट्रीय संघटना झाली, आणि आज तिथे अडीच लाखांहून अधिक मुलं-मुली आहेत. साधारण दहाव्या वर्षापासून कुमारदलात, अनेक राज्यांत सहाव्या वर्षापासूनच बालदलात प्रवेश मिळतो. खेळण्यातल्या फोनवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावायचा, कुठे, काय झालं, किती जण अडकले ते सांगायचं आणि समोरच्याचे प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हा सराव बालवाडीत होतो. केंद्राची भेट हा या लांबलचक शिक्षणातला एक टप्पा आहे.

आगीबद्दल एवढं शिकवलं तर मुलांच्या हाती काडेपेटी येईल, अशी भीती पालकांना वाटते. जर्मन प्रशिक्षक मुलांना काडी ओढायलाच शिकवतात, मोठ्यांच्या देखत, न जळणाऱ्या ताटलीवर, केस मागे बांधून. मूल लपून जे करील ते उजेडात आणण्याचा हा मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गणवेशावर डोळे मिटून विश्वास ठेवायला मुलांना शिकवावं का? जर्मनीच्याच इतिहासात याचं भीषण उत्तर आहे. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री अनेक गावांत ज्यूंची प्रार्थनास्थळं जळत होती आणि अग्निशमन दलं शेजारच्या इमारती भिजवत उभी होती. नाझी राजवटीचा हुकूम तसाच होता. हा डाग पुसता येणार नाही. पण म्हणूनच मुखवटा मुलांसमोर चढवणं आणि मुलांसमोरच उतरवणं मला महत्त्वाचं वाटतं: मुलांनी विश्वास ठेवायचा तो आतल्या माणसावर, जो उद्या बाजारात भेटेल आणि ज्याला जाबही विचारता येईल.

आपली दलं पगारी आहेत, माणसं अपुरी आहेत, त्यांना शाळांसाठी वेळ कुठला, असं महाराष्ट्रात म्हटलं जाईल. अडचण खरी आहे. पण मुखवट्याच्या प्रात्यक्षिकाला नवी यंत्रणा लागत नाही. एक जवान आणि अर्धा तास पुरतो. भेटीसाठी एक निमित्तही आपल्याकडे आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. नेमका तेव्हा आपल्याकडे परीक्षांचा आणि सुट्ट्यांचा हंगाम असतो. तो सप्ताह तसाच राहो, पण शाळांनी आपली भेट दिवाळीच्या आधी ठरवावी, फटाके घरात येण्यापूर्वी. आणि पालकांनी केंद्राकडे एवढीच मागणी करावी: गाडी दाखवा, शिडी दाखवा, पण आमच्या मुलांसमोर एकदा श्वसनयंत्र चढवून बोला.