पगार कामाचा, खासगी आयुष्याचा नव्हे!

कंपनीच्या चॅट खात्यावरून कर्मचारी घरच्यांशी चार शब्द बोलला, तर ते वाचण्याचा मालकाला अधिकार आहे काय? यंत्र आमचे, खाते आमचे, म्हणून त्यातले शब्दही आमचेच, असे व्यवस्थापन सांगते. हे आम्हाला मान्य नाही.

रुमानियातील बार्बुलेस्कू या अभियंत्याने कंपनीच्याच सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. कंपनीने त्यावरील संवाद नोंदवून घेतले. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले बोलणेही होते. २००७ साली त्यांना कामावरून काढण्यात आले. कंपनीत खासगी वापराला बंदी होती, म्हणून तेथील न्यायालयांनी मालकाची बाजू घेतली. परंतु ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने दिला. पाळत ठेवण्याची पूर्वसूचना दिली होती काय, सबळ कारण होते काय, याहून सौम्य मार्ग नव्हता काय, हे तपासलेच गेले नव्हते. मालकाच्या नियमाने माणसाचे खासगी जीवन शून्यावर येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे.

त्याआधी बाराच दिवस, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. बाबासाहेबांनी तर १९४७ सालीच संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात नागरिकाचे घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते कलम अंतिम संविधानात आले नाही. त्याच निवेदनात खासगी मालकाच्या हुकूमशाहीचा धोकाही त्यांनी दाखविला होता. तेव्हाची कागदपत्रे पेटीत असत, आजची चॅटमध्ये असतात. झडती मात्र तीच!

आमच्या तरुणांसाठी हा प्रश्न चैनीचा नाही. खासगी क्षेत्रात आरक्षणाचे कवच नाही. अनेकांना तेथे आपली जात दडवून काम करावे लागते. भावाशी बोलताना जातीच्या दाखल्याचा, विहारातील कार्यक्रमाचा, १४ एप्रिलच्या वर्गणीचा किंवा युनियनच्या बैठकीचा विषय निघतो. तो साहेबांच्या डोळ्यांखालून गेला, की बढती अडते. कारण मात्र 'कामगिरी समाधानकारक नाही' असे लिहिले जाते. मग भेदभाव सिद्ध कसा करायचा?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची सवलत दिली आहे. ही पळवाट अरुंद करण्याची मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. काय तपासणार, कोण तपासणार, कशासाठी आणि किती दिवस जपून ठेवणार, हे मालकाने आधी लेखी सांगावे. तोवर आमच्या बांधवांनी घरची आणि चळवळीची बोलणी कंपनीच्या खात्यावर करू नयेत. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील पाळतीच्या अटी वाचाव्यात आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. आम्ही श्रम विकतो, स्वाभिमान विकत नाही.

जयभीम!