‘लाडकी बहीण’चा नियम कोडमध्ये तपासायचा कसा?

२०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, तेव्हा कमाल वयाची अट ६० वर्षे होती. काही दिवसांतच ती ६५ झाली. असा बदल झाला की अख्खं पोर्टल पुन्हा लिहायचं का?

गरज नाही. नियम वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येतात आणि पात्र-अपात्र ठरवतं ‘पॉलिसी इंजिन’. ‘ओपन पॉलिसी एजंट’ हे असंच एक मोफत इंजिन. त्याचे नियम ‘रेगो’ भाषेत लिहितात.

चाचणीसाठी हे इंजिन डॉकरच्या कंटेनरमध्ये एकटंच सुरू करता येतं. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलेला डबा. ८१८१ या पोर्टवर नियम आणि काल्पनिक अर्ज पाठवायचे, उत्तर बघायचं. खऱ्या अर्जांना हात लागत नाही.

समजा, गडचिरोलीतल्या मार्कंडा गावातल्या एका महिलेच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न बरोबर अडीच लाख आहे. नियम सांगतो, उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको. म्हणजे ती पात्र. पण कोडमध्ये ‘अडीच लाखांपेक्षा कमी’ असं लिहिलं गेलं, तर ती बाद!

ही चूक कंटेनरमध्ये सापडली, तर एक चिन्ह बदलून भागतं. नाही सापडली, तर त्या बाईला चामोर्शी तहसीलच्या फेऱ्या माराव्या लागतात.