मंडईचा हिशेब

आमच्या गावच्या नाट्यमंडळाची वही माझ्याकडे आली, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. मास्तरला हिशेब येतो आणि मास्तर पैशाला हात लावत नाही, अशी गावाची समजूत. त्या वहीत दरवर्षी पहिली नोंद बयाण्याची. दिवाळी जवळ आली की आम्ही चार-पाच जण ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडून वडशाला जायचो. कागदोपत्री त्या गावाला देसाईगंज म्हणतात, पण नाटक ठरवायला जाणारा वडशालाच जातो. तिथे बाजारात नाट्यकंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. दारावर रंगीत फलक, आत टेबल, टेबलावर तारखांची डायरी आणि भिंतीभर गेल्या हंगामाची पोस्टरं. चहा येतो, नायिका कोण आहे ते विचारलं जातं, विनोदी नट तोच आहे ना याची खात्री केली जाते आणि मग दरावरून घासाघीस सुरू होते.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख. इथली रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते आणि होळीपर्यंत चालते. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडताना संपतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग विचारतो, ‘एवढा वेळ बसतं कोण?’ सगळे बसतात. तणसावर बोरे अंथरून, घोंगडी-चादरी पांघरून, मांडीवर पोरं घेऊन बसतात. बाहेर कनातीला लागून चहा, मिरचीभजी आणि आलूपोंग्याच्या गाड्या रात्रभर तापलेल्या असतात.

हे सगळं धानाच्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे. पावसाळ्यात रोवणी. बायका दिवस दिवस कंबरेत वाकून चिखलात उभ्या असतात. मग निंदण, मग कापणी. धान घरात आलं की अंगातला शीण उतरवायला थोडा वेळ आणि हातात थोडा पैसा, दोन्ही एकदमच मिळतं. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. कोणत्या गावची मंडई कधी, हे ठरलेलं असतं. गोवारी समाजाची माणसं ढाली घेऊन नाचतात, ऊस-शिंगाड्यांचे ढीग लागतात. पुढं थंडी वाढली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. दिवसा पट, रात्री नाटक.

नाटकाच्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. लेक-जावई, बहिणीची सासरची माणसं, मेहुणा, मेहुण्याचा मित्र, त्या मित्राला आमच्याकडे कोणी बोलावलं हे कोणालाच माहीत नसतं. चुलीवर मोठ्या गंजात भात शिजतो, बाजूला मटणाचा रस्सा. सोयरिकीही इथंच जुळतात. ‘आमच्याकडे नाटक आहे, या’ असं आमंत्रण जातं तेव्हा उपवर पोराचा बाप त्याचा अर्थ बरोबर घेतो. रीतसर मुलगी पाहायला गेलं आणि नकार आला तर दोन्ही घरं अवघडतात. नाटकाला आलेला पाहुणा चहा देणारी मुलगी बघतो, घरची शेती-भाती बघतो आणि काही न बोलता सकाळी निघून जातो. कोणाचा अपमान नाही, कोणाची चर्चा नाही. माझ्या धाकट्या भावाचं असंच जमलं. त्या रात्री कोणतं नाटक होतं ते विचारलं तर त्याला आजही सांगता येत नाही.

पूर्वी नाटक गावचीच पोरं बसवायची. त्याहीआधी दंडार आणि खडीगंमत हे लोकनाट्याचे प्रकार होते, बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा. मग स्त्रीपात्रांसाठी नागपूरहून कलावंत बायका मानधन देऊन आणू लागले. पुढं कंपन्या उभ्या राहिल्या आणि अख्खं नाटकच वडशाहून येऊ लागलं. गावच्या पोरांची हौस त्यात गेली, याचं मला वाईट वाटतं. पण खेळ सफाईचा झाला हेही खरं.

कंपनीचा एक माणूस प्रेक्षकांना कधी दिसत नाही. तो म्हणजे प्रॉम्प्टर. मी मंडळाचा माणूस, म्हणून मला विंगेत उभं राहायची मुभा असायची. त्याच्या हातात नाटकाची वही, कानटोपी घातलेली, मफलर तोंडावरून खाली ओढलेला. नट रोज नव्या गावी, तालमींना वेळ थोडा, त्यामुळे वाक्य आधी याच्या तोंडून निघतं आणि अर्ध्या श्वासानं नटाच्या. त्याचा आवाज नटाला पोचला पाहिजे, माइकला नाही. एकदा नायक बापाच्या पायाशी कोसळून रडत होता, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि हा इसम एका हातानं पान उलटत, दुसऱ्या हातातला चहा सांभाळत, त्या रडण्यातला पुढचा शब्द पुरवत होता. अभिनय म्हणजे काय, यावर मी बरंच वाचलंय, पण त्या विंगेत जे कळलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

नाटकं भडक असतात, हा आरोप मला मान्य आहे. आवाज चढा, खलनायक पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो, गाणी मधेच येतात. पण हजारभर माणसं थंडीत उघड्यावर बसलेली असताना मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचायचं तर कुजबुजून कसं चालेल? आणि विषय बघा: हुंडा, दारू, जादूटोण्याचा संशय, शेतकऱ्याचं कर्ज. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून 1993 साली दारूबंदी आली. अलीकडे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठली. या सगळ्या काळात दारूनं मोडलेल्या घराचं नाटक आमच्याकडे हमखास चालायचं. कनातीबाहेर झोकांड्या खाणारेही असायचे, ते काही संत झाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका ज्या जोरानं त्या नाटकातल्या नवऱ्याबद्दल बोलायच्या, त्यात स्वतःच्या नवऱ्याबद्दलचं बरंच काही सुरक्षितपणे बोलून घेतलं जायचं. शाळेत व्यसनमुक्तीचे तक्ते लावून मला एवढं कधी साधलं नाही.

गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टीचा शोध लागला. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. इथल्या नटाचं आयुष्य ज्यानं पाहिलंय त्याला हे आकडे अशक्य वाटणार नाहीत. हंगामात जवळजवळ रोज प्रयोग, पहाटे गाडीत बसायचं, दिवसा झोपायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं. हंगाम संपला की कोणी शेतीत, कोणी गवंडीकामावर. कलावंत बायकांचे हाल तर दुप्पट. तान्ही पोरं मेकअपच्या खोलीत निजवून त्या प्रवेशाला जातात, आणि त्या खोलीला कित्येक गावांत धड दारही नसतं. आमच्या मंडळानं न्हाणी आणि दाराचा खर्च वहीत लावला, तेव्हा दोन सभासद म्हणाले, ‘मास्तर, हा कशाले खर्च?’ मी लावला.

आमच्या मंडळाला यासाठी अनुदान मिळत नाही. तिकीट विकायचं, कंपनीचे पैसे द्यायचे, उरलं तर गावासाठी वापरायचं. आमच्या शाळेची एक भिंत आणि देवळाचा सभामंडप त्यातूनच झाला. काही वर्षं पदरचे भरावे लागले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा वहीत मोठा खड्डा पडला. दिवसा पट नाही तर लांबचा पाहुणा यायचा कशाला? आम्ही कबड्डीचे सामने ठेवून वेळ निभावली. 2021च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली, 2023 साली न्यायालयानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदाही मान्य केला. बैलांच्या शेपट्या पिरगाळणं, आर टोचणं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून अटी असाव्यात याच मताचा मी आहे.

सध्याचं दुखणं वेगळं आहे. नाटकाच्या मधे ‘डान्स हंगामा’ घुसला आहे. पोरं शिट्ट्या मारतात, बायका उठून जातात, आणि एकदा बायका उठल्या की ते नाटक गावाचं राहत नाही. यंदाच्या बैठकीत बचतगटाच्या बायकांनी सरळ सांगितलं की असला नाच असेल तर पाहुण्यांचा स्वयंपाक तुम्ही करा. अध्यक्षांनी कंपनीला तिथूनच फोन लावला. नाच रद्द झाला, दर मात्र तेवढाच राहिला.

वही आता मी एका तरुण पोराकडे दिली आहे. तो चाकणला कारखान्यात असतो, हिशेब मोबाइलवर ठेवतो. दिवाळीला त्याला सुट्टी मिळत नाही आणि तो मागतही नाही. त्याची सगळी रजा पटासाठी राखून ठेवलेली असते. या खेपेला शेजारच्या गावानं आमचीच तारीख धरली आहे, त्यामुळे तो दोन दिवस आधी येतोय. दोन्ही गावांची बैठक आहे, आणि त्यांचा सरपंच माझा व्याही लागतो.