सांता येण्यापूर्वीची तयारी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की मुंबई-पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत नाताळच्या पार्टीची आखणी सुरू होते. केक, दिव्यांच्या माळा आणि सजवलेल्या झाडाबरोबर तास-दोन तासांसाठी सांताक्लॉजही भाड्याने बोलावला जातो. मोठ्यांना तो गोड वाटतो. पण बहुतेक ठिकाणी एखादे तरी बाळ त्याला पाहताच टाहो फोडते. तरीही फोटोसाठी त्याला सांताच्या मांडीवर बसवले जाते आणि भोवतालचे हसतात. बाळाच्या बाजूने पाहिले तर यात हसण्यासारखे काही नाही.

साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला ओळखीचे आणि अनोळखी चेहरे यांतला फरक नीट कळू लागतो आणि परक्या माणसाची भीती वाटू लागते. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ती तीव्र असते आणि दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. ही निरोगी वाढीचीच खूण आहे. समोरच्या माणसाचा हेतू बाळ त्याच्या चेहऱ्यावरून ओळखते. सांताच्या दाढीत ओठ आणि गाल झाकले जातात, टोपीत कपाळ जाते. उरतात दोन डोळे आणि मोठा आवाज. हसू दिसतच नसेल, तर बाळाने विश्वास कशावर ठेवायचा?

मानसशास्त्राच्या इतिहासातही सांता एकदा भीतीच्या संदर्भात आला आहे. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर या अमेरिकी संशोधकांनी 1920 मध्ये ‘अल्बर्ट’ नावाने ओळखल्या गेलेल्या बाळावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढरा उंदीर दिसला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटायचा, असे वारंवार केल्यावर ते बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागले. पुढे ससा, फरचा कोट आणि दाढीवाला सांताचा मुखवटा पाहूनही ते अस्वस्थ झाले. एकाच बाळावरच्या या प्रयोगातून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत आणि आजच्या नैतिक नियमांत तो बसणारही नाही. मात्र एका गोष्टीची भीती तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या गोष्टींवर पसरू शकते, ही शक्यता त्याने पुढे आणली.

मग पालकांनी काय करावे? याचे एक उत्तर 1985 मधल्या दुसऱ्या प्रयोगात सापडते. जाड काचेखाली खोलगट भाग दिसेल अशा टेबलावर वर्षभराच्या बाळांना ठेवले गेले आणि पलीकडे आई उभी राहिली. आईचा चेहरा आनंदी असताना 19 पैकी 14 बाळे काच ओलांडून गेली. चेहऱ्यावर भीती असताना 17 पैकी एकही गेले नाही. काय करावे हे कळेनासे झाले की मूल आधी आईबाबांच्या चेहऱ्याकडे पाहते. म्हणून बाळाला कडेवरच ठेवून आईने किंवा बाबांनी स्वतः सांताशी हसत बोलावे, हात मिळवावा. मुलाला जवळ जावेसे वाटले तर ते जाईल. नाही वाटले, तर लांबून हात हलवलेलाही पुरे. फोटोत बाळ बाबांच्या कडेवर आणि सांता शेजारी, असे असले तरी काही बिघडत नाही.

सांताच्या प्रवेशाची पद्धतही आधीच ठरवावी. दिवे मालवून, ढोल वाजवत अचानक आत येण्याने मोठी मुले खूश होतात, पण लहान बिचकतात. सांताने दारातूनच हाक द्यावी, लहानांसमोर खाली बसावे, आवाज हळू ठेवावा. स्वमग्न किंवा आवाज-गर्दी सहन न होणारी मुले असतील, तर त्यांना पार्टीच्या आधी दहा मिनिटे शांतपणे भेटू द्यावे. कलाकार ज्या संस्थेकडून येतो तिच्याकडे त्याचे ओळखपत्र मागण्यात संकोच नको. भेट सर्वांसमोर व्हावी, पालक नजरेच्या टप्प्यात असावेत. ‘मांडीवर बसतोस का?’ असे विचारल्यावर आलेला नकार मान्य करावा. नको असलेला स्पर्श नाकारता येतो, हा धडा मुलांना अशाच प्रसंगांतून मिळतो.

दाढीमागच्या माणसाचाही विचार हवा. मुंबईत डिसेंबरमध्येही दुपारी पारा 30 अंशांच्या वर जातो. जाड पॉलिएस्टरचा पोशाख, पोटावर बांधलेली उशी आणि तोंडावर कृत्रिम केस असताना घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. त्यामुळे कार्यक्रम संध्याकाळी ठेवावा, पंख्याजवळ जागा द्यावी, दर वीस-पंचवीस मिनिटांनी आडोशाला दाढी काढून पाणी पिता येईल अशी सोय करावी. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे अशी लक्षणे दिसली तर कार्यक्रम थांबवावा.

हिवाळ्यात सर्दी-फ्लूचा फैलाव वाढतो आणि सांता एका संध्याकाळी पन्नासेक मुलांचे हात हातात घेतो. त्याला ताप-खोकला असेल तर बदली माणूस पाठवण्याची अट बोलणी करतानाच घालावी. किमान 60 टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर जवळ ठेवावे. दाढी धुतलेली असावी. हाच नियम आजारी मुलांनाही लागू आहे. त्यांची भेट दुसऱ्या दिवशी घरी पोहोचवता येईल.

कृत्रिम दाढी लवकर पेट घेते. अनेक ‘स्नो स्प्रे’च्या डब्यांतही ज्वलनशील वायू असतो. त्यामुळे सांता आणि मेणबत्त्या एकमेकांपासून लांब असाव्यात. पोतडीतल्या वस्तूंवर वयानुसार चिठ्ठ्या लावाव्यात. तीन वर्षांखालच्या मुलांना सुटे भाग, फुगे, कडक गोळ्या किंवा शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. चकाकणाऱ्या खेळण्यांतली नाण्यासारखी बटन बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर इजा करू शकते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे घेऊच नये. बॅटरी गिळल्याची शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

राहता राहिला तो गप्पांचा विषय. ‘हा भाजी खात नाही, ही अभ्यास करत नाही’ अशा तक्रारी सांताच्या कानात घालून चारचौघांत मुलांना लाजवू नये. त्याऐवजी वर्षभरातली एखादी चांगली गोष्ट कळवावी. ‘तू सायकल शिकलीस म्हणे!’ हे ऐकून मुलीचा चेहरा उजळतो. सात-आठ वर्षांची मुले मात्र दाढी ओढून पाहणारच. अशा वेळी ‘तुला काय वाटतं?’ हा उलटा प्रश्न बरा. सांताचे सत्य कळल्यावर मुलांना काय वाटते, याचा अभ्यास अमेरिकेत 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी ते बहुतांशी आनंदाने स्वीकारले होते. वाईट वाटले होते ते त्यांच्या आईवडिलांना.