एका इंजेक्शनचा माग

हरियाणात शिवालिकच्या पायथ्याशी, पिंजोरजवळच्या बीर शिकारगाह जंगलात गिधाडांचं एक प्रजनन केंद्र आहे. तिथे खाण्यासाठी बकरी आणली की ती लगेच कापत नाहीत. किमान आठवडाभर तिला वेगळी बांधतात, चारापाणी करतात आणि मगच तिचं मांस पिंजऱ्यात जातं. बाजारात येण्याआधी कुणी तिला दुखण्यावरचं इंजेक्शन टोचलं असेल, तर तेवढ्या दिवसांत ते औषध अंगातून निघून जावं, एवढाच त्यामागचा हेतू. सडक्या मांसातले बहुतेक जंतू ज्याच्या जठरातल्या जहाल आम्लात टिकत नाहीत, त्या पक्ष्याच्या खाण्याची ही उस्तवारी पाहून नवख्याला हसू येईल. पण हे आठवडाभराचं सोवळं ज्या कारणासाठी पाळलं जातं, ते शोधून काढायला शास्त्रज्ञांची काही वर्षं गेली. तोवर भारतातली बहुतेक गिधाडं मरून गेली होती.

ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांमधला बहुधा सर्वांत संख्येने जास्त असलेला पक्षी मानला जाई. गावाबाहेर ढोर टाकलं की घटकाभरात आकाशात घिरट्या सुरू होत, आणि थवा मोठा असला तर तासाभरात सांगाडा तेवढा उरे. इतक्या सामान्य पक्ष्याची मोजदाद सहसा कुणी ठेवत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते, म्हणून तिथली नोंद राहिली. १९८७-८८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली. १९९६ च्या सुमारास त्यांतली दीडशे उरली. २००३ येईतो एकही नाही.

एका उद्यानातला आकडा म्हणजे देशातला आकडा नव्हे, अशी शंका कुणीही घेतली असती. तिचं उत्तर कंटाळवाण्या कामातून मिळालं. सोसायटीच्या लोकांनी १९९१ ते १९९३ दरम्यान ठरावीक रस्त्यांवरून हळू गाडी चालवत गिधाडं मोजली होती. २००० साली त्याच रस्त्यांवरून त्याच पद्धतीने ते पुन्हा फिरले, आणि नंतरही फिरत राहिले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली होती. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची मिळून घट सुमारे ९७ टक्के. हजारातलं एक उरणं म्हणजे काय, हे कळायला आधीचे हजार कुणीतरी मोजलेले असावे लागतात.

मारेकरी मात्र सापडत नव्हता. मरणारं गिधाड झाडावर मान खाली टाकून दिवसच्या दिवस बसे आणि मग पडे. हे पाहून बऱ्याच जाणकारांना विषाणूचा संशय आला. नव्या रोगाची साथ सीमा न पाहता पसरते, आणि पाकिस्तान, भारत, नेपाळ या तिन्ही देशांत एकाच सुमारास पक्षी मरत होते, त्यामुळे तर्क सयुक्तिक होता. शेतीवरच्या कीटकनाशकांकडेही बोट दाखवलं गेलं. डीडीटीने युरोप-अमेरिकेतल्या बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ केल्याचा इतिहास ताजा होता. पण इथे अंडी फुटत नव्हती, वयात आलेले धडधाकट पक्षी मरत होते. शवविच्छेदनाला ताजं गिधाड मिळणंही मुश्कील. उन्हात काही तासांत प्रेत कुजतं, कायद्याने संरक्षित पक्ष्याला हात लावायला परवानगी लागते, आणि नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे तर आणखी परवानग्या.

धागा सापडला तो पाकिस्तानी पंजाबात. तिथे अजून गिधाडांच्या वसाहती टिकून होत्या आणि मरणारे पक्षी ताजे मिळत होते. अमेरिकेतल्या पेरेग्रीन फंड या संस्थेच्या वतीने वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि पाकिस्तानातले त्यांचे सहकारी यांनी मेलेली गिधाडं उघडली. बहुतेकांत एकच दृश्य. हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांच्यावर खडूची पूड फासल्यासारखा पांढरा थर. पक्षी नत्रयुक्त मळ युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. मूत्रपिंडं बंद पडली की ते ॲसिड रक्तात साठतं आणि स्फटिक होऊन अवयवांवर बसतं. म्हणजे मरण मूत्रपिंडातून आलं होतं, एवढं पक्कं झालं. पण मूत्रपिंडं कशाने मेली? शिसं, पारा, कॅडमियम, कीटकनाशकं, ओळखीचे विषाणू, सगळं तपासून झालं. काहीही निघालं नाही.

या शोधातली खरी कल्पक पायरी प्रयोगशाळेबाहेरची आहे. गिधाड खातं ते मेलेलं ढोर, तेव्हा ढोराच्या अंगात काय जातं ते पाहावं, असा विचार करून या मंडळींनी तिथल्या पशुवैद्यांना आणि औषध दुकानदारांना गाठलं. मूत्रपिंडाला बाधणारं, तोंडावाटे गेलं तरी अंगात भिनणारं आणि गेल्या काही वर्षांतच जनावरांसाठी येऊ लागलेलं असं कोणतं औषध तुम्ही विकता? या चाळणीतून एक नाव खाली उरलं: डायक्लोफिनॅक. माणसं गुडघेदुखीला, पाठदुखीला घेतात तेच. मग ३८ गिधाडांची मूत्रपिंडं तपासली. पांढरा थर असलेल्या पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत औषध सापडलं, थर नसलेल्या तेरांपैकी एकातही नाही. जायबंदी असल्यामुळे पुन्हा सोडता न येणाऱ्या गिधाडांना औषध दिलेल्या जनावराचं मांस खाऊ घातलं, तेव्हा तीही त्याच पद्धतीने मेली. २००४ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. रानटी पक्ष्यांच्या प्रदूषण-संशोधनात इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

पुढच्या अभ्यासांनी मात्रा ठरवली. वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम एवढं डायक्लोफिनॅक पांढऱ्या पाठीच्या निम्म्या गिधाडांचा जीव घ्यायला पुरतं. पाच किलोच्या पक्ष्याला फार तर एक मिलिग्रॅम. माणसाच्या एका साध्या गोळीत ५० मिलिग्रॅम असतं. गंमत अशी, की अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला याच्या शंभरपट मात्रा दिली तरी त्याला काही झालं नाही. दोघंही मढीच खातात, दिसतातही एकमेकांसारखी, पण नात्याने दूरची. म्हणून एका जातीवर निर्धोक ठरलेलं औषध दुसरीवर निर्धोक धरून चालता येत नाही, आणि हा मुद्दा पुढे फार महागात पडला.

शंका तरीही उरतेच. डायक्लोफिनॅक ढोराच्या अंगात दोनेक दिवसच घातक प्रमाणात राहतं. औषध दिलेलं प्रत्येक जनावर त्या दोन दिवसांतच मरतं असं थोडंच आहे? मग देशभरची गिधाडं एवढ्यावर कशी संपतील? केंब्रिजचे ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, वयात यायला त्याला चार-पाच वर्षं लागतात, आणि एका मढ्यावर डझनावारी पक्षी जेवतात. त्यामुळे शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढं विषारी असलं तरी दिसली तेवढी घट होते. मग प्रत्यक्षात किती मढी विषारी होती? २००४-०५ मध्ये भारतभरातून मेलेल्या जनावरांच्या यकृताचे १,८४८ नमुने गोळा केले. दहांत एकात डायक्लोफिनॅक निघालं.

आपल्याकडे म्हातारी गाय किंवा लंगडणारा बैल कसाबाकडे न जाता गोठ्यातच मरतो. मरताना त्याला कळा सोसाव्या लागू नयेत म्हणून शेतकरी स्वस्तातलं एक इंजेक्शन देतो, आणि ते जनावर उद्या-परवा गावाबाहेर पडतं. या साखळीत वाईट हेतूचा माणूस एकही नाही. म्हणूनच नुसती बंदी घालून भागणार नव्हतं, शेतकऱ्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागणार होतं. प्राणिसंग्रहालयांच्या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तुम्ही गिधाडांना आणि इतर पक्ष्यांना कोणतं वेदनाशामक देता? मेलॉक्सिकॅम घेतलेले पक्षी मेल्याची नोंद सापडेना. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या गिधाडांवर आणि मग भारतातल्या गिधाडांवर त्याची चाचणी झाली. २००६ च्या मे महिन्यात भारताच्या औषध नियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचं उत्पादन थांबवण्याचे आदेश दिले. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी बंदी आणली.

आदेशाने दुकानाचं कपाट रिकामं होत नाही. बंदीनंतरच्या वर्षांत संशोधकांनी अकरा राज्यांतल्या अडीचशेहून जास्त दुकानांत साध्या गिऱ्हाइकासारखं जाऊन जनावरासाठी वेदनाशामक मागून पाहिलं. मेलॉक्सिकॅम बऱ्याच ठिकाणी मिळालं, पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त दुकानांत डायक्लोफिनॅकही पुढे आलं. जनावरांचं बंद झालं होतं, माणसांचं चालू होतं, आणि तेही ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत. माणसाच्या एका इंजेक्शनला ३ मिलिलिटर पुरतं. मोठी बाटली कुणासाठी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ती बंद करून ३ मिलिलिटरचीच कुपी ठेवायचा नियम यायला २०१५ उजाडलं.

इतर वेदनाशामकांचा हिशेब मात्र मनस्ताप देणारा आहे. किटोप्रोफेन गिधाडांना मारतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांनी २०१० च्या सुमारास दाखवून दिलं. ॲसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, हे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या प्रयोगांतून २०१६ मध्ये पुढे आलं. म्हणजे बंदी घातलेलं औषध दुसऱ्या नावाने विकलं जात होतं. या दोन्ही औषधांवर भारतात बंदी आली २०२३ मध्ये. गुजरातेत मेलेल्या गिधाडांच्या अंगात निमेसुलाइड सापडल्याचं कोइमतूरच्या सालिम अली पक्षिशास्त्र केंद्राच्या प्रदूषण-अभ्यासकांनी नोंदवलं, आणि जनावरांसाठीच्या निमेसुलाइडवरची बंदी २०२४ च्या अखेरीस निघाली. आधी औषध बाजारात, मग गिधाडं मेलेली, मग पुरावा, मग फाइल, मग बंदी. कोणतंही वेदनाशामक जनावरांसाठी विकायची परवानगी देण्याआधीच त्याची गिधाडांवरची चाचणी सक्तीची करावी, ही संशोधकांची जुनी मागणी आहे. ती अवाजवी म्हणता येणार नाही. चाचणीचं तंत्र आहे, चाचणी करणाऱ्या संस्था आहेत, पर्यायी औषधंही आहेत. मेलॉक्सिकॅमच्या जोडीला आता टोल्फेनॅमिक ॲसिडही निर्धोक ठरलं आहे.

पिंजोरचं केंद्र या सगळ्या गोंधळाच्या काळात पाय रोवून उभं राहिलं. २००१ मध्ये ते आजारी गिधाडांचं शुश्रूषा केंद्र म्हणून सुरू झालं, हरियाणा वनखातं आणि मुंबईची सोसायटी यांच्या भागीदारीत. पुढे तिथे प्रजननाचं काम आलं. आज तिन्ही जातींची मिळून तीनशेहून जास्त गिधाडं तिथे आहेत. मोठ्या पिंजऱ्यांत पंख पसरून थोडं उडता येईल एवढी जागा असते. बसायच्या दांड्यांवर काथ्याची दोरी गुंडाळलेली असते, कारण गुळगुळीत लाकडावर दिवसरात्र बसून पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात. माणसाचा वावर जेमतेम. पक्ष्यांवर नजर कॅमेऱ्यातून. नर-मादी दिसायला सारखेच, तेव्हा जोडी लावायची तर रक्ताच्या थेंबातून डीएनए तपासावा लागतो. आणि जिथे निसर्ग वर्षाला एक पिल्लू देतो तिथे केंद्राने एक युक्ती वापरली आहे. जोडीचं पहिलं अंडं उचलून उबवणीयंत्रात ठेवायचं, म्हणजे जोडी पुन्हा अंडं घालते. अर्थात प्रत्येक जोडी ऐकते असं नाही.

असंच काम पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळजवळ केरवा इथेही चालतं. पिंजोरमधून पांढऱ्या पाठीची पहिली आठ गिधाडं २०२० मध्ये मोकळी झाली.

गिधाडं नसल्याची जी किंमत मोजावी लागली, ती वाचून पक्षिप्रेम नसलेलाही दचकेल. उघड्यावरची मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली, पाण्यात कुजली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, पूर्वी जिथे गिधाडं भरपूर होती आणि जिथे ती मुळातच कमी होती, अशा जिल्ह्यांतल्या मृत्युदरांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या नाहीशा होण्यामुळे वर्षाला सुमारे एक लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला याची झळ वेगळ्या रीतीने बसली. मृतदेह गिधाडांसाठी ठेवायच्या दखम्यांवर ती येईनाशी झाली, तेव्हा सूर्यकिरण एकवटणारे आरसे लावावे लागले.

महाराष्ट्रात गिधाडं तगली ती तुटक ठिकाणी: रायगडात म्हसळ्याच्या आसपास, नाशिकच्या कड्यांवर, गडचिरोलीच्या जंगलात. काही जागी वनखातं आणि गावकरी तपासलेली मेलेली जनावरं ठरावीक ठिकाणी टाकतात, त्याला गिधाडांचं उपाहारगृह म्हणतात. २०२४ मध्ये पिंजोरची वीस गिधाडं विदर्भात, पेंच आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. काही महिने तिथल्या हवेची आणि आजूबाजूच्या रानगिधाडांची ओळख होईपर्यंत ती मोठ्या पिंजऱ्यात राहिली, मग पाठीवर उपग्रहाशी जोडलेले टॅग लावून सोडण्यात आली. सोडलेल्यांतली काही दगावलीही. पण टॅगमुळे एखादा पक्षी कुठे थांबला हे कळतं, आणि वेळेत पोहोचलं तर तो ताजा असतानाच त्याची मूत्रपिंडं तपासता येतात. आसपासच्या दुकानांत कोणती वेदनाशामकं विकली जातात याची पाहणी पक्षी सोडायच्या आधी करावी लागते, कारण खाण्याच्या शोधात गिधाड सहज शंभर किलोमीटर जातं आणि तिथे कोणत्या ढोराला काय टोचलं होतं हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.