आधी ओळख, मग औषध

अमेरिकेत एडिसनमधल्या आमच्या घराच्या तळघरात चार फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटरची. त्यात माशांची एक जोडी आणि बाकी सगळी प्रवाळं. अशा टाकीला इथे रीफ टँक म्हणतात. पाहुणे आले की मासे बघतात. मी मात्र रात्री घरातले दिवे मालवल्यावर बॅटरीवर लाल जिलेटिन लावून खाली जाते आणि खडकाच्या खाचा बघत बसते. लाल उजेडाला यातले बरेचसे जीव बुजत नाहीत, त्यामुळे दिवसा कधीच न दिसणारी वस्ती समोर येते.

ही वस्ती खडकाबरोबर येते. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत जगापुढे मांडली. समुद्रातला सच्छिद्र, जिवंत खडक टाकीत ठेवायचा, हवेचे बुडबुडे सोडायचे आणि पाणी शुद्ध ठेवण्याचं काम त्या खडकावरच्या जिवांना करू द्यायचं. खडकातले जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं रूपांतर करतात, म्हणून तर हा छंद घराघरांत शक्य झाला. पण जिवंत खडक म्हटला की त्यात चांगलं-वाईट सगळंच आलं. कृमी, गोगलगायी, खेकड्यांची पिल्लं, शेवाळ. नवीन प्रवाळाच्या बुडाशीही हेच असतं.

मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. जंतू कोणता हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही, ही तिथली शिस्त मी टाकीलाही लावते. कारण नवशिके ज्या जिवाला सर्वांत जास्त घाबरतात, तो बहुधा निरपराध असतो. ब्रिसल वर्मचंच घ्या. गुलाबी-करडा, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांच्या झुपक्यांचा हा किडा रात्री खडकातून अर्धा बाहेर येतो तेव्हा भीती वाटते खरी, आणि ते केस बोटात घुसले की आगही होते. पण तो खातो काय? माशांचं उरलेलं अन्न आणि मेलेले जीव. नखाएवढे ॲस्टेरिना तारामासेही बहुतेक वेळा काचेवरचा शेवाळी थर खरवडून जगतात. हे जीव फार झाले, तर टाकीत अन्न जास्त पडतंय असा त्याचा अर्थ. घास कमी करा, आठवड्याचं पाणी नेमाने बदला, संख्या आपोआप उतरते. माझ्या मते या छंदातलं सर्वांत प्रभावी कीडनाशक म्हणजे माशांना बेताने खायला घालणं.

ऐप्टेशिया मात्र खरी उपद्रवी. अलिबागला लहानपणी ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यांत मी समुद्रफुलं बघायचे. ही त्यांच्यातलीच एक जात. तपकिरी, काचेसारखी पारदर्शक, इंच-दोन इंचांची, दिसायला सुंदर. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून ती त्याला मागे सारते आणि जागा बळकावते. प्रवाळाप्रमाणेच तिच्याही शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यामुळे नुसत्या उजेडावरही ती तग धरते. बोट लावलं की क्षणात बिळात जाते. चिमट्याने ओढून काढावी, तर मागे राहिलेल्या कणभर तुकड्यातून पुन्हा उभी राहते. काहीच केलं नाही तरी तळव्याच्या कडेचे बारीक तुकडे मागे सोडत सरकते आणि प्रत्येक तुकड्याचं नवं फूल होतं. हाच चिवटपणा संशोधकांना मोलाचा वाटतो. प्रवाळं शैवाल गमावून पांढरी का पडतात, हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये ऐप्टेशिया मुद्दाम वाढवतात. २०१५ मध्ये तिचा संपूर्ण जीनोमही प्रसिद्ध झाला.

दोन-चारच असतील तर चुना पुरतो. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यायचं, पानाच्या डबीतला चुना नको. टाकीच्याच थोड्या पाण्यात ते भज्यांच्या पिठाइतपत कालवायचं, पंप बंद करायचे आणि सिरिंजने अलगद तिच्या तोंडावर सोडायचं. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या थोडा वर असतो, चुन्याच्या संपृक्त पाण्याचा बाराच्याही वर. म्हणून एका बैठकीत दोन-तीनच. हातमोजे आणि चष्मा हवाच.

पन्नास झाल्या तर सिरिंज सोडून द्यावी आणि बर्घिया आणावी. ही जेमतेम इंचभर वाढणारी समुद्री गोगलगाय ऐप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. भक्ष्याच्या डंखपेशी न फोडता गिळते आणि स्वतःच्या पाठीवरच्या बोटांसारख्या वाढींत साठवून त्याच संरक्षणासाठी वापरते. पांढऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी तिची अंडी काचेवर दिसली की मला फार आनंद होतो. काम मंद चालतं, कित्येक आठवडे काही फरक दिसत नाही. ऐप्टेशिया संपली की तीही उपाशी मरते, त्यामुळे शेवटच्या काही उरलेल्या असतानाच ती हा छंद असलेल्या दुसऱ्या कोणाला द्यावी. पेपरमिंट कोळंबीही ऐप्टेशिया खाते, पण मोठ्या फुलांच्या वाटेला सहसा जात नाही, आणि बर्घियाला मात्र खाऊन टाकू शकते. दोन्ही एकत्र ठेवू नयेत. विकत घेताना नीट बघा: तशाच लाल पट्ट्यांची, पाठीला कुबड असलेली कॅमल कोळंबी चक्क प्रवाळं खाते.

गंजाच्या रंगाचे, काही मिलिमीटरचे चपटे कृमी हा वेगळा प्रकार. ते काचेवर आणि प्रवाळावर थर करून ऊन खात बसतात, खाली प्रवाळाचा उजेड अडतो. त्यांना मारणारं औषध बाजारात मिळतं आणि ते चालतंही. धोका त्यानंतर येतो. हजारो कृमी एकदम मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे दगावतात. म्हणून आधी कित्येक दिवस, दिवे प्रखर असताना, बारीक नळीने ते शोषून काढायचे. औषध शेवटी, उरलेल्या थोड्यांसाठी. सक्रिय कोळसा आणि बदलायचं खारं पाणी आदल्या दिवशीच तयार हवं.

ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावरचे रेड बग तर अर्ध्या मिलिमीटरचे, भिंगाशिवाय दिसत नाहीत. कुत्र्यांच्या हार्टवर्मवरचं मिल्बेमायसिन त्यांच्यावर लागू पडतं; पण टाकीतल्या कोळंब्या, खेकडे यांनाही ते मारतं. ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी औषधी पाण्यात बुडवूनही मरत नाहीत. प्रवाळाच्या बुडाशी चिकटलेली ती अंडी हाताने खरवडावी लागतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नवं प्रवाळ आधी औषधी पाण्यात बुडतं आणि मग काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत राहतं. मुलगा कंटाळतो, मी बधत नाही.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी. ऐप्टेशिया मारायला खडक उकळून काढा, असा सल्ला कोणी दिला तर कधीही ऐकू नका. टाकीतल्या झोअँथिड प्रवाळांपैकी काहींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून वेगळं काढलेलं हे विष निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक आहे. खडक उकळताना त्याची वाफ श्वासात जाऊन घरातली माणसं रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडल्या आहेत.

मुंबई-पुण्यातल्या घरांतही आता खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तिथल्या वाचकांकडे माझ्या दोनच मागण्या. भारतात कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. कोणी विकायला आणली तर घेऊ नका. आणि टाकीतलं पाणी, खडक, नको झालेला जीव समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात सोडू नका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर मत्स्यालयातल्या कॉलर्पा शेवाळाचा लहानसा पुंजका आढळला होता. पुढे ते शेवाळ भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टरांत पसरलं.