प्लायचा दर्प : नाकाने नव्हे, मापाने ओळखा

नवे कपाट घरात आले की दार उघडताच उग्र दर्प येतो, डोळे चुरचुरतात. गिऱ्हाईक विचारते, "हा वास जाईल ना?" आपण सांगतो, "चार दिवसांत उडून जाईल." पॉलिश-थिनरचा वास उडतो हे खरे. परंतु त्याच दर्पात फॉर्मल्डिहाइड नावाचा वायूही असतो, आणि तो इतक्यात जात नाही.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ चिकटविण्यासाठी युरिया-फॉर्मल्डिहाइड हा स्वस्त ग्लू सर्रास वापरतात. उष्णता व ओल लागली की तो थोडा थोडा विघटित होतो आणि वायू महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली या वायूची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. तो सर्वांत आधी कोणाच्या छातीत जातो? बंद फ्लॅटमध्ये दिवसभर बोर्ड कापणाऱ्या आपल्याच सुतार बांधवाच्या.

अमेरिकेचा धडा

2005 साली अमेरिकेत कतरिना वादळाने लाखो लोक बेघर झाले. सरकारने अनेकांना ट्रेलरघरे दिली. आत बहुतेक सामान बोर्डाचेच. लोकांना खोकला, डोळ्यांची आग, डोकेदुखी सुरू झाली. 2007 च्या डिसेंबरपासून 2008 च्या जानेवारीपर्यंत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 519 घरांतील हवा मोजली. सरासरी निघाली एक अब्ज भागांत 77 भाग; एका घरात तर 590. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सुमारे 80 भागांची आहे. ही मोजणी हिवाळ्यातली होती. उन्हाळ्यात आकडे आणखी चढले असते. तक्रारी आधी, मोजणी मागाहून, असे तिथे घडले.

मोजतात कसे?

युरोपात बोर्डाचा तुकडा बंद पेटीत ठेवतात. आत 23 अंश तापमान, 45 टक्के आर्द्रता आणि तासाला एकदा बदलणारी हवा. पेटीतील वायू दर घनमीटरला 0.124 मिलिग्रॅमच्या आत राहिला तर माल 'ई-1'. दुसऱ्या पद्धतीत बोर्डाचे बारीक तुकडे टोल्युईनमध्ये उकळून 100 ग्रॅम बोर्डामागे वायू किती ते पाहतात. जपानी पद्धतीत झाकणबंद काचेच्या भांड्यात तुकडे व पाणी 24 तास ठेवतात. पाण्यात रसायन घातले की पिवळा रंग येतो; रंग जितका गडद, तितका वायू जास्त.

तीन पद्धती, तीन एकके. मीटर आणि किलोची तुलना करता येत नाही, तसेच हे आकडेही एकमेकांशी लावता येत नाहीत. म्हणून कोणी "माल ई-0 आहे" म्हटले तर आपण विचारावे, कोणत्या पद्धतीने? युरोपच्या मानकात वर्ग ई-1 व ई-2 एवढेच आहेत. पद्धत, एकक, तारीख व प्रयोगशाळेचे नाव नसलेला दाखला म्हणजे वजन न लिहिलेले पोते.

हेही ध्यानात असावे की पेटीतली हवा कोरडी व थंड असते. मुंबई-कोकणचा पावसाळा तसा नाही. इथे तोच बोर्ड जास्त वायू सोडील.

आपल्या हाती काय?

फिनॉलिक ग्लूचा प्लाय कमी वायू सोडतो. दोन पैसे जास्त पडले तरी स्वयंपाकघर व मुलांच्या खोलीसाठी तोच सुचवावा. बोर्डाच्या उघड्या कडांतून वायू अधिक सुटतो, म्हणून मागची बाजूही लॅमिनेट करावी आणि कडा पट्टी लावून बंद कराव्यात. काम चालू असता खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नवे सामान हवेशीर जागी राहू देऊन मगच गिऱ्हाइकाच्या घरी पोचवावे.

दुकानातील गजपट्टी आपण खोटी ठेवत नाही. मग जो माल डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या मापाबाबतही आपला शब्द तितकाच खरा असला पाहिजे, असे आम्हांला वाटते.